पुष्कळ आणि अनंत

शुक्रवार, ६ सप्टेंबर

वही ठेवायची असं काल वर्गात सांगितलं गेलं, म्हणून ही वही. समजलेलं डाव्या पानावर लिहायचं, न समजलेलं उजव्या पानावर, आणि कोणाला दाखवायची नाही. दुकान उघडल्या उघडल्या लिहायला बसलो आहे. डावं पान अजून कोरं आहे.

आधी मी त्या वर्गात काय करतोय ते लिहितो. वय एकसष्ट, धंदा कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करण्याचा, शिक्षण बेताचं. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला व्याख्यान, अशी आठ. विषय ‘अनंताची कल्पना : मन आणि जडवस्तू’. विषयाशी माझं काही देणंघेणं नाही. व्याख्यान देणारी बाई माझी मुलगी आहे. तिची आई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

बातमी मेहुण्याने आणली. तो शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्याशी ती बोलते, मामा आहे ना. म्हणाला, “भाऊजी, दोन महिने इथल्या कॉलेजात आलीय. राहायलाही कॉलेजच्याच खोलीत. लांबून तरी बघा पोरीला.” माझ्या नावाचा अर्ज पाहून ती नाकारेल, या धास्तीने मी मेहुण्याच्या नावाने अर्ज भरला. व्यवसाय : घड्याळदुरुस्ती. मेहुणा म्हणाला, “वा, म्हणजे आता मी तत्त्वज्ञानी!”

एवढी हुशारी केली आणि हजेरीचं लक्षातच आलं नाही. तिने यादी हातात घेतली आणि माझं धाबं दणाणलं. मी शेवटच्या रांगेत, कानटोपी, वर मफलर, आणि आत एवढं उकडतंय की शेजारच्या बाईंनी विचारलं, “ताप आहे का?” तिने स्वतःच्या मामाचं नाव वाचलं. मी आवाज जाड करून “हजर” म्हटलं. तिने मान वर केली नाही. पेन क्षणभर अडलं, शाई संपत आली असावी. मग पुढचं नाव.

बारीक झालीय. चष्मा लागलाय. फ्रेम सारखी नाकावरून घसरते आणि ती बोटाने वर ढकलते. दांडीचा स्क्रू ढिला झालाय, दोन मिनिटांचं काम. कोणी करून देत नाही की काय?

विषयाबद्दल : ती म्हणाली, पुष्कळ आणि अनंत यांत गल्लत करू नका. वाळूचे कण पुष्कळ आहेत, पण ते मोजून संपतील. पुष्कळ कितीही असलं तरी संपतं. हे वाक्य तिने दोनदा सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी लिहून घेतलं. वाळूचं तिला एवढं काय पडलंय, कळलं नाही.


सोमवार, ९ सप्टेंबर

आज एक लेन्स उघडून बसलो होतो तेव्हा मनात आलं की अनंत तर माझ्या रोजच्या पोटापाण्याची वस्तू आहे. लेन्सच्या कड्यावर अंतरं लिहिलेली असतात : एक मीटर, दोन, पाच, दहा, आणि शेवटी आडवा आठ. तो अनंत. कडं तिथवर फिरवलं की ते अडतं, पुढे जात नाही. तो अडथळा नेमक्या जागी बसवणं हे माझं काम. आम्ही त्याला ‘अनंत बसवणं’ म्हणतो. खिडकीतून लांबच्या कारखान्याची चिमणी दिसते. तिच्या टोकावरचा दिवा लख्ख दिसला की तीन बारीक स्क्रू आवळायचे. अनंत बसला, चहा प्यायला मोकळे.

लेन्सच्या दृष्टीने चिमणी, तिच्यामागची टेकडी आणि चंद्र सगळे सारखेच. एका अंतरापलीकडे तिला फरक कळत नाही. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मग वर्गात जाता कशाला? तिलाच इकडे दुकानात बोलवा.” त्याला चेष्टा सुचते.


शुक्रवार, १३ सप्टेंबर

दुसरं व्याख्यान खडूवर झालं. खडूने नव्हे, खडूवर. तिने एक खडू मोडला, अर्ध्याचा पाव केला, पावाचा आणखी निम्मा, असं करत चिमटीत चिमूटभर भुकटी उरली. मग विचारलं, “इथे वस्तू संपली की माझी बोटं संपली?” कोणी म्हणालं वस्तू, कोणी म्हणालं बोटं. ती म्हणाली, हाच प्रश्न आहे. जडवस्तूला कुठेतरी तळ आहे, की आपण थकतो त्या जागेला आपण तळ म्हणतो?

मग पुढे. अनंत दोन तऱ्हेचा. एक नुसता चालू राहणारा, कधीही थांबवला तरी हातात आलेलं मोजकंच. दुसरा पुरा झालेला, अख्खा, एकदम समोर मांडलेला. पहिला आपल्याला रोज भेटतो. दुसरा कोणी पाहिलाय का? इथवर मी बरोबर होतो. नंतर सगळं डोक्यावरून गेलं.

मफलर ठेवला, कानटोपी काढली. शेजारच्या बाई निवृत्त परिचारिका आहेत. सगळा वर्ग त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांनीच हळूच सांगितलं, “काढा ती टोपी. मागच्या रांगेत कोण बघतंय तुम्हाला?” मला ते पटलं.

घरी येऊन काडेपेटीतली काडी ब्लेडने उभी चिरत बसलो, डोळ्याला भिंग लावून. सहाव्या चिरेला बोट कापलं. माझ्यापुरता तळ आला.


शुक्रवार, २० सप्टेंबर

काल मन. मला वाटलं होतं खडूपेक्षा सोपं जाईल.

ती म्हणाली, मला दुखतंय. मला दुखतंय हे मला माहीत आहे. ते माहीत आहे, हेही मला माहीत आहे. असं प्रत्येकाच्या पाठीशी एकेक जाणणारा उभा केला तर ही रांग कुठे संपते? आणि संपत नसेल, तर एवढी मोठी रांग एवढ्याशा डोक्यात उभी कुठे राहते? सिस्टर म्हणाल्या, “मी मेंदू हातात धरलेला आहे. दीड किलोसुद्धा भरत नाही.” सगळे हसले. तीही हसली. हसताना तिच्या आईसारखी दिसते. मी पटकन वहीत तोंड घातलं.

मग ती म्हणाली, दुसऱ्याच्या मनाचं आणखी अवघड. ‘तिला कळलं तर तिला झेपणार नाही’ असं आपण कोणाबद्दल तरी ठरवतो, तेव्हा ती व्यक्ती आपल्या डोक्यात नसते. तिचं आपण बनवलेलं लहानसं चित्र असतं. चित्राला जेवढं झेपेल तेवढंच आपण खऱ्या माणसाला देतो. खऱ्या माणसाला तळ नसतो.

उदाहरण चांगलं होतं. पण जडवस्तूचा यात काय संबंध, ते विचारायला हवं होतं. मी वर्गात तोंड उघडत नाही. आवाज ओळखेल.

वहीत न समजलेलं लिहायचं आहे तर हेही लिहावं. ही, तिची आई, आजारी पडली तेव्हा मुलगी रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या तयारीत. पाच वर्षांची मेहनत. मी हिला इस्पितळात ठेवलं आणि मुलीला फोनवर सांगितलं, थोडा ताप आहे. डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही, दिवसही लागतील, महिनेही लागतील. मी त्यातलं महिने ऐकलं. परीक्षा पंचवीस दिवसांवर होती. म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू, पुष्कळ वेळ आहे. मधे तिचा फोन आला की म्हणायचो, आई झोपलीय. सतराव्या दिवशी सकाळी ही गेली. मुलगी आली, आईकडे बघत उभी राहिली आणि मला विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, सतरा दिवस. त्यानंतर आजतागायत काही नाही.

मी तिच्या भल्यासाठीच केलं. तीन वर्षं हे वाक्य रोज म्हणतोय आणि अजून ते कोणाला पटलेलं नाही, मलाही नाही.


मंगळवार, २४ सप्टेंबर

आज नाक कापलं गेलं. एक पक्षी बघणारे गृहस्थ आहेत, जुने गिऱ्हाईक. गेल्या आठवड्यात त्यांच्या लेन्सचा अनंत बसवून दिला होता. आज परत घेऊन आले. लांबचं सगळं पिठात बुडाल्यासारखं दिसतंय म्हणाले. माझा विश्वास बसेना. खिडकीशी नेऊन चिमणी बघितली तर खरोखरच भुरकट.

मग आठवलं. त्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं, चिमणी दिसत नव्हती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तेवढी दिसत होती. म्हटलं, पुरे एवढं लांब, आणि टाकीवरच अनंत बसवून टाकला. बत्तीस वर्षांत असं केलं नव्हतं. धुकं उठेपर्यंत थांबलो असतो तर काय बिघडत होतं?

पुन्हा करून दिलं, माफी मागितली. मेहुणा गाळ्यातून सगळं ऐकत होता. आज त्याने चेष्टा केली नाही, याचंच नवल वाटलं.


शुक्रवार, २७ सप्टेंबर

आमच्या धंद्याचा उल्लेख झाला! आनंदाने आधी तेच लिहितो.

ती म्हणाली, डोळा काय, यंत्र काय, एका अंतरापलीकडे फरक करायचं सोडून देतात आणि त्या सगळ्याला एकच नाव देतात. लेन्सच्या कड्यावर ते नाव कोरलेलंसुद्धा असतं. मनही असंच करतं. समोर धुकं असलं, पुढचं दिसत नसलं, की जवळच्या एखाद्या वस्तूला ते अनंत समजतं आणि स्क्रू आवळून मोकळं होतं. यात दुष्टपणा नसतो. पण त्या लेन्समधून पुढे जे जे दिसतं ते पुसट दिसतं.

मी मान डोलवत होतो. एवढं बरोबर उदाहरण पुस्तकातलं असणं शक्य नाही, लहानपणी ती माझ्या बाकाशेजारी बसून गृहपाठ करायची, ते डोक्यात राहिलं असणार. सिस्टरनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि पर्समधून एक लिमलेटची गोळी काढून माझ्या वहीवर ठेवली. का कोण जाणे.

पुढे तिने बटणं आणि काजं यांचं काही सांगितलं. मोजता येत नसलं तरी जोड्या लावता येतात, प्रत्येक बटणाला एक काज मिळालं की दोन्ही सारखीच. अनंत अशाच जोड्यांनी ओळखतात. मग म्हणे सगळे आकडे आणि त्यांतले निम्मे आकडे सारखेच भरतात. हे मी ऐकलं, पण कबूल केलेलं नाही.


शुक्रवार, ४ ऑक्टोबर

काल हजेरीत माझं, म्हणजे मेहुण्याचं, नाव तिने वाचलंच नाही. वरचं वाचलं, खालचं वाचलं, मधलं गाळलं. मी घसा तयार करून बसलो होतो. नंतर चोरून यादी पाहिली तर हजेरी लागलेली. सिस्टरना म्हटलं, बाईंचं लक्ष नाही. त्या म्हणाल्या, “अहो, दारातून आत आल्या की आधी तुम्ही आलात का ते बघतात. मग कशाला वाचतील?” सिस्टरना माणसं ओळखता येतात, पण इथे चुकल्या. ती आली की आधी घड्याळ बघते. घड्याळ माझ्या डोक्यावर आहे.

सुटल्यावर जिन्यात सिस्टर इस्पितळाच्या गोष्टी सांगत होत्या. म्हणाल्या, “शेवटी शेवटी माणसं फार थोडं बोलतात. पाणी मागतात आणि कोण आलंय ते विचारतात. आम्ही म्हणायचो, येताहेत हं सगळे. काय करणार?” मी पुढचं न ऐकताच खाली उतरलो. त्यांना वाटलं बस गाठायचीय.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ही विचारायची, “फोन केलात का तिला?” मी म्हणायचो, केला. “काय म्हणाली?” निघालीय. पुन्हा डोळे उघडले की, “पोचली का?” वाटेत आहे. ‘निघून ये’ असं सांगायला मी फोन केलाच नव्हता. ती निघालीच नव्हती. एकदा खोटं बोललो, मग त्याला धरून दुसरं, मग ते सोडता येईना. ही वाट बघत गेली आणि ते मुलीला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की मी कळवलं नाही. हे कळलं तर आठ गुरुवारही मिळायचे नाहीत.

ते न सांगण्यातही मी तिचाच विचार करतोय, असं मला वाटत होतं. आता वाटत नाही. नक्की काय वाटतं ते सांगता येत नाही.


शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काल गेलो नाही. चार वाजता तयार झालो, पाचला बूट घातले, साडेपाचला काढले.

सकाळी मेहुणा शटर वर करायच्या आतच हजर. “भाऊजी, बरं नाही का?” म्हटलं, बरा आहे. “मग काल गेला का नाहीत?” म्हटलं, तुला कोणी सांगितलं? तो गडबडला. “माझ्या नावावर गैरहजेरी लागली ना.” पण ते तुला कसं कळलं? “आला होता फोन.” कोणाचा? “ग्रंथालयाचा असेल. त्यांनी तीनदा विचारलं, ताप आहे का, डॉक्टरकडे नेलं का, खरं सांग, लपवू नकोस.” ग्रंथालयवाले एवढी चौकशी करतात हे मला माहीत नव्हतं. मेहुण्याचे डोळे लाल होते. घड्याळाचं बारीक काम, दुसरं काय.

जाता जाता म्हणाला, “पुढच्या गुरुवारी मेलात तरी जा.” त्याला बोलायचा पोच नाही.


शुक्रवार, १८ ऑक्टोबर

गेलो. ती दारातून आली, घड्याळ पाहिलं आणि टेबलाशी जाऊन ग्लासभर पाणी एका दमात प्यायली. मग पाच मिनिटं तिला आपली टिपणंच सापडेनात. ती इतकी टापटिपीची, हे कसं झालं?

कालचा मुद्दा सगळ्यांत कठीण. वर्गात दोन तट पडले. एक तट म्हणे, जगातली प्रत्येक जडवस्तू मोजकी आहे, तरी मन अनंताचा विचार करतं, म्हणजे मन जडवस्तू नव्हे. दुसरा तट म्हणे, मन म्हणजे मेंदूच, आणि अनंत ही त्याची नुसती थाप आहे. ती दोघांचं ऐकून घेऊन म्हणाली, मनात अनंत मावत नसेल कदाचित. मनाकडे फक्त एक सवय असेल, ‘आणि अजून एक’ म्हणायची. सवय छोटीशी आहे, ती दीड किलोतही बसेल. पण सुरू झाली की तिला थांबायचं कुठे ते कळत नाही. ज्या गोष्टीचा शेवट आपल्याला माहीत नाही, तिथे मन रोज एक नवा जोडत जातं. असं झालं असेल का, तसं झालं असेल का. ती म्हणाली, “मला स्वतःला या विषयात एवढंच खरंखुरं कळलंय, आणि ते पुस्तकातून नाही.”

मग अनंत आहे की नाही? मी सहा व्याख्यानं ऐकून तिथेच आहे.

पुढचा गुरुवार शेवटचा. प्रत्येकाने एक प्रश्न आणायचा, कोणालाही सूट नाही. हे बोलताना ती घड्याळाकडे बघत होती.


बुधवार, २३ ऑक्टोबर

प्रश्न असे काढले आहेत. एक : निम्मे आकडे पुऱ्याइतके कसे? (नको. हसतील.) दोन : खडूला तळ आहे का? (झालाय.) तीन : मन जडवस्तू आहे का? (सगळे हेच विचारतील.) चार : स्क्रू कोण आवळून देईल? (खोडला.)

मेहुणा म्हणाला, “जे विचारायचंय ते विचारा.” मला काय विचारायचंय हे त्याला कसं ठाऊक?


शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळचे नऊ झाले आहेत. दुकान उघडलेलं नाही. घडलं तसं लिहितो, समजेल तेव्हा समजेल.

काल एकेकाचा प्रश्न झाला. सिस्टरचा झाला. मग ती म्हणाली, “बाबा, तुमचा राहिला.”

मी इकडेतिकडे पाहिलं. वर्गात कोणी दचकलं नाही. कोणी मागे वळूनही बघितलं नाही. सगळे आपापल्या वहीत बघत बसले, ठरवल्यासारखे. सिस्टर म्हणाल्या, “उठा ना.” मी उठलो. कागद खिशात होता तो काढायचं राहिलं. मी म्हटलं, “मनात अनंत मावत नाही असं तुम्ही म्हणालात.” स्वतःच्या मुलीला तुम्ही म्हणालो, तोंडातून तेच आलं. “मग एक खोटं बोललेलं तीन वर्षं झाली तरी संपत नाही. ते कुठे मावतं?”

तिने चष्मा काढला. म्हणाली, “याचं उत्तर मला येत नाही. आपण इथे थांबू.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि दहा मिनिटांत हॉल रिकामा. आमच्या दोन खुर्च्या मात्र कोणी उचलल्या नाहीत. सिस्टर दारापर्यंत जाऊन परत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या.

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. मी समोरच्या फळ्याकडे बघून सगळं सांगितलं. आई तुझ्याबद्दल विचारायची. मी सांगायचो, फोन केलाय. सांगायचो, ती निघालीय.

“मी निघालेय, असं तुम्ही तिला सांगितलंत?”

“हो.”

“म्हणजे ती वाट बघत होती.”

“हो.”

ती उठली. मला वाटलं, संपलं, आता जाईल ती. खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मग तिने न वळता विचारलं, “आई मला विचारायची?”

मी म्हटलं, “तेच तर सांगतोय.”

“शेवटच्या वेळी आले होते तेव्हा भांडून गेले होते मी तिच्याशी. पडद्यांवरून. पडद्यांच्या रंगावरून, बाबा! मला वाटलं, सतरा दिवसांत तिने माझं नावच काढलं नसेल. काढलं असतं तर तुम्ही फोन केलाच असता, असं धरून चालले होते मी. तुम्ही तिचं म्हणणं कधी टाळत नव्हतात.”

हे मला ठाऊक नव्हतं. पडद्यांचं भांडण मला आठवतही नाही. हिने कधी सांगितलं नाही. ही तर शेवटपर्यंत तिच्याच नावाने डोळे उघडत होती. मला वाटत होतं मुलीचा राग एका गोष्टीचा आहे, आणि ती तीन वर्षं भलतंच काही उराशी धरून बसली होती. यात कोणाचं काय चुकलं ते मला अजून नीट मांडता येत नाही. माझं चुकलं, एवढं नक्की. ते मी तिला म्हटलंही. “माझं चुकलं, बाळा.” माफ केलं असं ती म्हणाली नाही.

तिने विचारलं, “किती वेळा?”

“काय किती वेळा?”

“आईने किती वेळा विचारलं?”

“अकरा.”

ती वळली. “मोजलंत?”

“मोजलं नाही. आठवतात सगळ्या.”

“सांगा. एकेक. तिने कोणते शब्द वापरले तेही.”

मग मी सांगायला लागलो. पहिली, दाखल केलं त्याच संध्याकाळी, नाकात नळी घालायच्या आधी : “तिला उगाच घाबरवू नका, पण कळवा.” दुसरी, तिसऱ्या दिवशी, लापशी पुढे सारून : “फोन लागला का?” तिसरी, मी तिचे केस विंचरत होतो तेव्हा : “तिला म्हणावं, स्वेटर आण, इथे गार आहे.” चौथीला मी थांबलो, कारण चौथीत ही रागावली होती. म्हणाली होती, “तुम्ही खरं सांगताय ना?” मुलगी म्हणाली, “तीही सांगा, गाळू नका.” सांगितली. मुलीने रुमाल काढला नाही, डोळे पुसले नाहीत, नुसती ऐकत होती. मधेच विचारायची, तेव्हा खिडकी उघडी होती का, उशीला कोणता अभ्रा होता, आवाज कसा होता. मी सांगत होतो. अभ्र्याचा रंगही आठवला. कशाला हवा होता तो तिला? सहाव्या वेळी ही हसली होती, तेही सांगितलं. सहावीवर मुलगीही थोडी हसली आणि मग एवढी रडली की मला उठून तिच्याजवळ जावं की नाही ते कळेना. गेलो. तिने माझा हात दूर केला नाही.

सातवी झाली तेव्हा ग्रंथालयाचा शिपाई कुलूप घेऊन दारात आला. मी म्हटलं, “चारच राहिल्यात. जिना उतरता उतरता होतील.”

“नको,” ती म्हणाली. “एका दिवशी एकच सांगा. आणि उद्यापासून मी दुकानात येईन.”

“अगं, पण तुझे इथले दोन महिने तर संपले.”

“ते मी बघते.” तिने पर्स उचलली. दारापाशी थांबली. “आणि शेवटची लगेच सांगू नका.”

मी बरं म्हटलं. मग ती कधी सांगायची, हे विचारायचं राहून गेलं.